मूळ धरलं का?

पट्टीचा कोपरा धरून ओढला आणि फूटभर रुंदीचं लॉन अलगद सुटून हातात आलं. वर पिवळट पडलेलं गवत, त्याखाली दोन बोटं जाडीचा काळ्या मातीचा थर आणि त्याच्याही खाली जोयड्याची तांबडी जमीन. त्या जमिनीत एकही मूळ शिरलेलं नव्हतं. काळ्या थराच्या तळाशी मुळांची जाळी झाली होती. तांबड्या मातीच्या तोंडापर्यंत येऊन मुळं आडवी वळली होती आणि एकमेकांत गुंतून बसली होती. लॉन अंथरलं होतं जूनच्या पहिल्या आठवड्यात. मी पोचलो तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं.

"खत घातलं की ओ, दोनदा घातलं," होमस्टेचे मालक सांगत होते. "घातलं की आठ दिवस बघत राहावं असं हिरवं होतंय. मग पुन्हा हे असं."

यंदाच्या अंकाचा विषय गवत आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा कुरणांवर आणि गवताळ माळांवर लिहिणारे पुष्कळ असतील हे माहीत होतं. मला बघायचं होतं ते विकत घेतलेलं गवत. रोपवाटिकेत वाढवलेलं, ट्रकमधून शेकडो किलोमीटर आणलेलं, चौरस फुटाच्या भावानं विकलेलं. ते परक्या मातीत जगतं कसं, आणि त्याला घातलेलं खत नेमकं काय करतं? त्यासाठी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्याइतकी चोख जागा दुसरी सापडणं अवघड. तालुक्याचा बहुतेक भाग जंगल आहे. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 मध्ये इथं व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून तो काळी नदीच्या नावानं ओळखला जातो. ही काळी याच तालुक्यात उगम पावते. तिच्यावरच्या धरणात जुनं सुपा गाव बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, विस्थापितांतले अनेकजण रामनगरला वसले. आता धरणाखाली गणेशगुडीच्या बाजूला नदीतल्या राफ्टिंगसाठी पाहुणे येतात आणि त्यांच्यासाठी होमस्टे उभे राहतात. पाहुण्याला खुर्ची टाकून बसायला समोर लॉन लागतं.

उरुळीची काळी, जोयड्याची तांबडी

पुणे-सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनच्या आसपास गेलं की दोन्ही बाजूंना रोपवाटिकांचा पट्टा लागतो. जोयड्यातलं ते लॉन इथूनच आलेलं. शोभेच्या झाडांच्या रांगांमागे कुठे कुठे नुसत्या गवताचे वाफे असतात. कुठलं गवत म्हणून विचारलं तर 'सिलेक्शन वन', 'मेक्सिकन' अशी नावं ऐकू येतात. सिलेक्शन वन म्हणजे निवड करून वाढवलेली आपली हरळीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं आणि तिचं कूळ एकच. देशावरच्या शेतकऱ्यानं जिच्या मुळ्या खणून काढण्यात पिढ्यान्‌पिढ्या कंबर मोडून घेतली, तीच हरळी इथं पाणी आणि खत देऊन पोसली जाते. जमीन सपाट करायची, गवताचे तुकडे चार-चार बोटांच्या अंतरानं टोचायचे, पाणी द्यायचं, कापत राहायचं. तीन-चार महिन्यांत वाफा गच्च भरतो. मग फावड्यानं किंवा यंत्रानं दीड-दोन बोटं जाडीच्या पट्ट्या सोलून काढायच्या. बाजारात त्यांना लॉन कार्पेट म्हणतात.

मैदानांवरचं भारी गवत तर रोपवाटिकेशिवाय मिळतच नाही. 'टिफवे' हा जगभर गाजलेला वाण 1960 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथं ग्लेन बर्टन यांनी दिला. हरळीचा आफ्रिकेतल्या एका भावकीतल्या गवताशी संकर करून तो तयार झाला. त्याला बी धरतच नाही, त्यामुळे एका तुकड्यापासून दुसरा असाच त्याचा प्रसार होतो. याच बर्टन यांच्या बाजरीच्या 'टिफ्ट 23 ए' या वाणावरून 1965 मध्ये भारतातली पहिली संकरित बाजरी, एचबी-1, निघाली. खेळाच्या मैदानावरचं गवत आणि आपल्या ताटातली भाकरी अशा एकाच माणसाच्या हाताखालून गेली, ही गोष्ट मला लॉनपेक्षाही मोठी वाटते.

पट्टी सोलताना काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. सोलताना गवताची बरीचशी मुळं खालच्या जमिनीतच राहून जातात. पट्टीबरोबर येतात ती कांडी, थोडी आखूड मुळं आणि कांड्यांत साठवलेली साखर. नव्या जागी गेल्यावर पेरांतून नवी मुळं फुटायची ती या साठ्याच्या जोरावर. साठा भरपूर असेल तर गवत पाय रोवतं. विकण्याआधी महिनाभर युरियाचा मारा केला असेल, तर ती साखर आधीच पानं फोडण्यात खर्च झालेली असते. अशी पट्टी ट्रकमधून उतरते तेव्हा डोळ्यांत भरेल इतकी गर्द असते, आणि गिऱ्हाईक रंग बघूनच माल घेतं.

नत्र: रंग आणि घाई

गवताला सगळ्यांत जास्त लागतं ते नत्र. चांगल्या पोसलेल्या लॉनच्या पानाचा वाळवून हिशेब केला तर शंभरातले तीन ते पाच भाग नत्राचे निघतात. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणात नत्र असतं, म्हणून ते मिळालं की रंग लगेच पालटतो. ते कमी पडलं तर गवत जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना पुरवतं. त्यामुळे पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. नवं पान पिवळं आणि जुनं हिरवं असेल, तर दोष दुसऱ्या कशाचा तरी, बहुधा लोहाचा. लॉनशी वाकून एवढं बघितलं तरी खताची अर्धी पिशवी वाचते.

नत्र जास्त झालं की गवत घाई करतं. पानं भराभर वाढतात, पेशी मोठ्या आणि भिंती पातळ होतात, बुरशीला दार उघडं मिळतं. तयार झालेली साखर पानांतच संपून जाते आणि मुळांच्या वाट्याला काही उरत नाही. वरून बघणाऱ्याला बहर दिसतो, त्याच वेळी जमिनीखाली मुळं आखडत असतात.

किती घालायचं याचा ढोबळ हिशेब अवघड नाही. वाढत्या लॉनला एका वेळी चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र पुरतं. युरियात शंभराला 46 भाग नत्र. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला एका वेळी साधारण एक किलो, फार तर सव्वा किलो युरिया, आणि लगेच वरून पाणी. या होमस्टेचं लॉन दोन गुंठ्यांचंही नव्हतं. काम करणारा पोरगा कोपऱ्यातली बादली दाखवून म्हणाला, "ही भरून टाकतो." बादलीत आठ-नऊ किलो तरी मावत असेल.

तेही भर जुलैत. याच तालुक्यातल्या कॅसलरॉकच्या बाजूला एकट्या जुलैत पावसाचा आकडा हजार मिलिमीटरच्या वर जातो. युरिया जमिनीत पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं, पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटचा भार ऋण आणि मातीच्या कणांचाही ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी खाली उतरलं की तेही उतरतं आणि ओढ्यावाटे काळीपर्यंत पोचतं. आठ दिवसांचा हिरवेपणा आणि मग पुन्हा पिवळेपणा, या मालकांच्या तक्रारीचा एक धागा इथं लागतो.

जांभ्यात अडकलेलं स्फुरद

दुसरा धागा मातीत आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. रोपवाटिकेनं पट्ट्यांबरोबर खताचं वेळापत्रकही लिहून दिलं होतं. दर पंधरवड्याला युरिया, महिन्याला 19:19:19 या मिश्रखताची फवारणी, रंग फिका पडला तर हिराकस. कागदावर त्यात खोट काढता येणार नाही, पण तो कागद काळ्या मातीवर बसून लिहिलेला आहे.

दख्खनची काळी माती बेसॉल्टपासून झालेली. तिच्यात चुना असतो, सामू 8 च्या आसपास जातो. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, म्हणून तिथं हिराकस फवारलं की गवत खुलतं. पालाश मात्र काळ्या मातीत मुळातच मुबलक, त्यामुळे ते वेगळं द्यायची आठवण कुणाला होत नाही. जोयड्यात सगळं उलट. हजारो वर्षांच्या पावसानं इथल्या मातीतला चुना, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेलं आणि मागं लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. मातीचा तांबडा रंग त्या लोहाचाच. हीच जांभ्याची माती. सामू साडेपाचच्या आसपास किंवा त्याहून खाली. इथं हिराकस फवारणं म्हणजे पैसे पाण्यात. लागतं ते पालाश, आणि ते वेळापत्रकात नावापुरतंच.

स्फुरदाची गत आणखी वेगळी. मूळ फुटायला, पहिले पाय रोवायला स्फुरद लागतं. पेशीला शक्ती पुरवण्याचा सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. पण तांबड्या आम्ल मातीत पडलेलं स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी लगेच बांधलं जातं. खत पडलेलं असतं, मातीतही असतं, तरी मुळांना मिळत नाही. शिवाय स्फुरद मातीत फारसं हलत नाही. लॉनवर वरून टाकलं तर ते वरच्या दोन बोटांत, म्हणजे त्या आणलेल्या काळ्या थरातच राहतं. मग मुळं तरी खाली कशाला जातील? खालच्या मातीत स्फुरद नाही, आणि सामू फार उतरला की विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकंच खुंटवतं. त्या पट्टीखाली आडवी वळलेली मुळं मी पाहिली होती, त्यांचं कारण हे.

त्यात पाण्याची भर. काळी माती चिकण, खालची तांबडी भरड. दोन वेगळ्या मातींच्या सांध्यावर पाणी अडतं. वरचा थर पुरता भिजल्याशिवाय ते खाली उतरत नाही. पावसाळाभर मुळं चिखलात राहिली की त्यांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेलं मूळ खत शोषू शकत नाही. साचलेल्या पाण्यात नायट्रेटचा वायू होऊन काही नत्र हवेतही निघून जातं. अशा पिवळ्या लॉनवर आणखी युरिया टाकल्यानं लॉनचं काही भलं होत नाही.

यावरचा उपाय पट्ट्या अंथरण्याआधीचा आहे. मे महिन्यात, जमीन मोकळी असताना, वीतभर खोलीपर्यंत खणून चुनखडी किंवा डोलोमाइट मिसळायचं. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं, आणि ते हरितद्रव्याच्या गाभ्यातच असतं. मग चांगलं कुजलेलं शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट त्याच खोलीत कालवायचं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोह-ॲल्युमिनियमला गुंतवून ठेवतात, तेवढं स्फुरद मोकळं राहतं. पट्ट्या शक्यतो कमी मातीच्या, धुऊन आणलेल्या घ्यायच्या, नाहीतर तुकडे टोचून लावायचे. टोचलेलं लॉन भरायला वेळ घेतं, पण त्याची मुळं पहिल्या दिवसापासून इथल्याच मातीत असतात. मला विचाराल तर जोयड्यात टोचणीच बरी.

उभ्या लॉनला चुना द्यायचा झाला तर एका वेळी गुंठ्याला 25 किलोच्या वर नको. किती द्यायचा हे माती तपासल्याशिवाय ठरवू नये. शिरसीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडचं कृषी विद्यापीठ आहे. भातासाठी, सुपारीसाठी माती तपासून घेणारी माणसं इथं आहेत. लॉनसाठीही माती तपासतात ही कल्पनाच अजून रुजलेली नाही.

इंग्लंडमधलं एक कुरण

खत गवताचं काय करतं हे जगात सगळ्यांत जास्त काळ पाहिलं गेलं ते इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथं. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी 1856 मध्ये एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला वेगळं खत द्यायला सुरुवात केली. ते प्रयोग आजही चालू आहेत. ज्या तुकड्यांना काहीच दिलं नाही तिथं आजही तिसाच्या वर जातींच्या वनस्पती एकत्र नांदतात. ज्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं आणि चुना दिला नाही, तिथली जमीन इतकी आम्ल झाली की सामू चारच्या खाली गेला आणि दोन-तीनच जातींचं गवत उरलं. नत्रानं उत्पन्न वाढतं हे त्या कुरणानं दाखवलं. अमोनियमचं नायट्रेट होताना माती आंबट होते, हेही तिथंच पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर दिसलं. जोयड्याची माती आधीच आंबट. तिच्यावर चुन्याशिवाय नुसता युरिया ओतत राहणं म्हणजे स्फुरदाची वाट आणखी बंद करणं.

तरव्याची रीत

होमस्टेपासून हाकेच्या अंतरावर भाताचे कुणगे होते. लोंब्या पिवळ्या व्हायला लागलेल्या. बांधावर बसलेल्या एका कुणबी आजींना मी तरव्याबद्दल, म्हणजे लावणीच्या रोपांबद्दल, विचारलं. भात हेही गवतच, आणि तेही आधी रोपाच्या वाफ्यात वाढवून मग उपटून दुसरीकडे लावायचं. लॉनचं जे संकट, ते भातशेतीनं फार पूर्वी सोडवलेलं आहे.

"तरवा फार माजवू नये," आजी म्हणाल्या. "हिरवागार दिसतो, पण लावला की मान टाकतो. जरा कडक ठेवायचा."

कडक तरवा म्हणजे जाड बुंध्याचा, आखूड, रंगानं थोडा फिका. युरियावर पोसलेला उंच, लुसलुशीत तरवा उपटल्यावर सावरायला जास्त दिवस घेतो, वाऱ्यात पडतो, किडीला लवकर सापडतो. कृषी पदवीधर हेच नत्र आणि साखरेच्या गुणोत्तरात सांगेल. वाफ्यात जुनं शेणखत आणि चुलीतली राख घालतात, असंही आजींनी सांगितलं. राखेत पालाश असतं, चुनाही असतो. या मातीत ज्या दोन गोष्टी नाहीत त्या दोन्ही राखेतून वाफ्यात जातात. लॉनच्या रोपवाटिकांनी विक्रीआधी युरिया थांबवून पालाश दिलं, पट्टी थोडी फिकी पण कडक करून पाठवली, तर निम्मी लॉनं वाचतील असं माझं ठाम मत झालं. त्यासाठी गिऱ्हाइकानं आधी फिकं गवत घ्यायला तयार व्हायला हवं.

रात्रीचे पाहुणे

संध्याकाळी मालकांनी लॉनच्या कडेचे खुरांचे ठसे दाखवले. गवे येतात. जंगलातलं गवत उन्हाळ्यात राठ होतं, वाळतं. त्या वेळी पाणी आणि युरिया मिळालेलं लॉन तेवढं कोवळं असतं. पानातल्या नत्राला सव्वासहानं गुणलं की प्रथिनांचा अंदाज येतो. चार टक्के नत्र असलेल्या लॉनच्या पानात वाळल्या वजनावर पंचवीस टक्के प्रथिनं निघतात, म्हणजे उत्तम पशुखाद्याच्या तोडीचं. आपण खत घालून जंगलाच्या उंबऱ्यावर अशी पंगत मांडतो आणि गवा आला की फटाके लावतो. पाहुण्यांच्या खुर्च्यांपासून दहा पावलांवर हजार किलोचं जनावर उभं राहणं कुणाच्याच हिताचं नाही, गव्याच्याही नाही. जंगलाला लागून असलेल्या घरांनी निदान जानेवारी ते मेपर्यंत तरी लॉनला नत्र देऊ नये. गवत पिवळं पडेल, मरणार नाही. हरळीला उन्हाळा सोसायची सवय आहे.

झाडांच्या सावलीतल्या लॉनचं गणित आणखी निराळं. हरळीला दिवसभर ऊन लागतं. सावलीत ती उंच, विरळ होते आणि नत्र दिलं की आणखीच विरळ. तिथं रुंद पानांचं कार्पेट ग्रास लावावं. ते आंबट माती सोसतं, सावली सोसतं, खताची मागणीही कमी करतं. दिसायला भरड, पण जोयड्याच्या हवेला मानवणारं.

होमस्टेच्या मालकांशी उशिरापर्यंत बोलणं झालं. तांबड्या मातीचा नमुना कसा घ्यायचा ते त्यांनी विचारून घेतलं. लॉनच्या पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा चार बोटं खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची पातळ चकती काढायची, सगळं एकत्र करून सावलीत वाळवायचं, त्यातली अर्धा किलो माती पिशवीत भरायची. काळ्या थराची माती वेगळी आणि तांबडी वेगळी पाठवायची, हे मी दोनदा सांगितलं. कापलेलं गवत आता उचलून टाकणार नाही, तिथंच पसरू देणार, असं ते म्हणाले. त्या कापलेल्या पात्यांतून लॉनचं पाव ते निम्मं नत्र परत जमिनीत जातं आणि पालाश तर जवळजवळ सगळंच. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमाराला गुंठ्याला अर्धा किलो म्युरेट ऑफ पोटॅश, तेही दोन हप्त्यांत, आणि युरियाची बादली तोवर बंद. "मेमध्ये सगळंच उकरून चुना घालूया म्हणतो," ते म्हणाले. "पट्ट्या नकोत आता. आमच्या बांधावर हरळी आहे की ओ. तीच टोचू."